१४८ रुपयांची भीती

“मॅडम, मी फार विचार करते हो. एकदा हे डोकं शांत करून द्या. मग आत्मविश्वास येईल, आणि तो आला की सगळं जमेल मला.”

थोड्याफार फरकानं हेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं. बोलणारा कधी एमपीएससीची तयारी करणारा मुलगा असतो, कधी नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत काम करणारी टीम लीडर, तर कधी फ्लॅट घ्यायचा की नाही हे दोन वर्षं ठरवत बसलेले गृहस्थ. क्रम मात्र सगळ्यांच्या मनात पक्का असतो. आधी शांतता, मग आत्मविश्वास आणि शेवटी कृती. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. समुपदेशनाचा निम्मा वेळ तो उलटा असल्याचं पटवण्यातच जातो.

त्यातली एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

ती तिशीच्या आतली. मानेवाड्याला सासर, रामदासपेठेत एका सीएंकडे नोकरी. व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न भरणं हे तिचं काम. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची किती वजावट (क्रेडिट) मिळेल ते दाखवणारा तक्ता. त्याच्याशी खरेदीची बिलं जुळवायची आणि २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचं. १६-१७ तारखेपर्यंत तिचे आकडे तयार असत, पण ‘फाइल’चं बटण दाबायला २० तारखेची संध्याकाळ उजाडे. त्या दिवशी पोर्टल हमखास रखडतं. एखाद-दोन रिटर्न २१ तारखेवर जात, दिवसाला ५० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क लागे आणि सर बोलत. मग तिची खात्री पटे की आपल्याला काही येतच नाही.

“आकडे किती वेळा तपासता?” मी विचारलं.

“मोजलं नाही कधी. आठ-दहा वेळा तरी होतच असेल.”

“दुसऱ्यांदा तपासताना चूक सापडते?”

“सापडते न कधीकधी. एखादी.”

“आणि सहाव्यांदा?”

ती जरा थांबली. “नाही सापडत. पण पाहिलं की बरं वाटतं.”

“किती वेळ बरं वाटतं?”

“घरी जाताना मेडिकल चौकापर्यंत तरी टिकतं. तुकडोजी पुतळा आला की पुन्हा सुरू.”

तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तपासण्यातून तिला नवी माहिती मिळत नव्हती, मिळत होता फक्त घडीभराचा दिलासा. तो ओसरला की डोकं पुन्हा तेवढ्याच दिलाशाची मागणी करतं, आणि दर वेळी मनाशी एक नोंद पक्की होते की तपासलं म्हणूनच वाचलो. तपासलं नसतं तरी वाचलोच असतो, हे कळायची संधी मिळतच नाही. घरी नवऱ्याला “बरोबर केलं असेल न मी?” असं विचारणं हाही त्याच फेऱ्याचा भाग होता. तो बिचारा प्रत्येक वेळी “हो गं, बरोबरच असेल” म्हणायचा. प्रेमानं म्हणायचा, पण प्रत्येक उत्तरानं पुढच्या प्रश्नाची सोय होत होती.

टाकीतलं पाणी संपलेला कूलर चालूच राहतो, पंखा घोंघावतो आणि थंड हवा मात्र येत नाही. अतिविचाराचं असंच असतं. आवाजामुळे काम चाललंय असा भास होतो. म्हणून पहिल्या आठवड्यात मी कोणालाही विचार थांबवायला सांगत नाही, फक्त वही ठेवायला लावते. पानावर चार रकाने आखायचे : विचार काय होता, किती वेळ चालला, त्यासाठी मी काय केलं (पुन्हा पाहिलं, कोणाला विचारलं, काम पुढे ढकललं) आणि त्यातून नवं काय कळलं. नोंद एका ओळीची. रात्री आठवून लिहायची नाही, तेव्हाच्या तेव्हा लिहायची, कारण रात्री आठवून लिहिताना तोच विचार पुन्हा दळला जातो. आठवड्याच्या शेवटी तिच्या वहीतला चौथा रकाना जवळजवळ कोरा होता. मी काही बोलले नाही, पान तिच्याकडे फिरवलं. तिनंच म्हटलं, “म्हणजे एवढा वेळ मी नुसती फिरूनच राहिली होती?”

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मात्र गाठ सापडली, आणि ती सापडली तिच्याच कामातून. हा भाग जरा सविस्तर सांगते.

“समजा, एका व्यापाऱ्याचं क्रेडिट तुमच्या हातून १०,००० रुपयांनी जास्त घेतलं गेलं, वापरलंही गेलं, आणि ते महिन्याभरानं लक्षात आलं. मग काय करता?”

“पुढच्या थ्री-बीत रिव्हर्स करायचं. व्याज भरायचं.”

“व्याज किती?”

“वर्षाला १८ टक्के.”

“३० दिवसांचं काढा बरं.”

तिनं मोबाइलवर हिशोब केला. “१४७ रुपये ९५ पैसे. म्हणजे १४८.” आणि ती स्वतःशीच हसली. “१४८ रुपयांसाठी मी रात्री दोन वाजता उठून फिगर पाहून राहिली होती?”

इथंच थांबून शाबासकी द्यायचा मोह होतो. आकडा छोटा निघाला, भीती खोटी ठरली, झालं. पण भीती खरंच १४८ रुपयांची असती तर हिशोब येणाऱ्या बाईनं ती केव्हाच निकालात काढली असती. म्हणून पुढचा प्रश्न विचारला. “मग भीती कशाची?”

“पैशाची नाही मॅडम. सर म्हणतील न, हिला एवढंही येत नाही.”

“म्हटलं, तर?”

“तर...” बराच वेळ ती गप्प राहिली. “तर मग खरंच येत नसेल मला. सगळ्यांना समजेल.”

ही खरी गाठ. चूक दुरुस्त कशी करायची ते तिला पक्कं ठाऊक होतं, चुकीवरच्या व्याजाचा दरही तोंडपाठ होता. पण चूक झाली की ‘मी’ नावाचं सगळं खातंच बुडीत निघतं, असा निकाल तिनं आधीच लावून ठेवला होता. मी विचारलं, “एखाद्या व्यापाऱ्याचं एक बिल चुकीचं निघालं तर त्याला दिवाळखोर ठरवता का?”

“नाही. ती एंट्री दुरुस्त करतो.”

“मग स्वतःच्या बाबतीत नियम वेगळा का?”

या प्रश्नाला तिनं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. मीही आग्रह धरला नाही. असे प्रश्न घरी नेले की जास्त काम करतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्राला ओळखीची झालेली विवेकनिष्ठ विचारसरणी मला आजही सर्वांत कामाची वाटते, ती याच जागी. माणसाला त्रास होतो तो इच्छेमुळे नव्हे. ‘चूक होऊ नये’ ही इच्छा चांगलीच आहे, तिच्यामुळेच काम चोख होतं. त्रास सुरू होतो ती इच्छा हट्ट झाली की, म्हणजे ‘चूक होताच कामा नये, झाली तर मी बिनकामाची’ असं म्हटलं की. या हट्टाला खात्री हवी असते, आणि शंभर टक्के खात्री जगात कुठेच मिळत नसल्यामुळे विचाराला थांबायला जागाच उरत नाही. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ हा सल्ला इथं का चालत नाही, तेही यावरून कळेल. ‘सगळं छान होईल’ म्हटलं की मन लगेच विचारतं, ‘कशावरून?’ त्यापेक्षा तिनं स्वतः तयार केलेलं वाक्य टिकलं : ‘चूक नको आहे. झालीच तर दुरुस्त करीन, आणि सर बोलले तर वाईट वाटेल, पण तेवढंच.’

समजलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. समज डोक्यात राहते, सवय हातात असते. तपासायचा एक नियम ठरवला. एका कागदावर सात मुद्दे, प्रत्येकासमोर पेन्सिलनं टिक, एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी फक्त तीन आकडे पाहायचे : विक्री, क्रेडिट आणि रोख भरायची रक्कम. मग लगेच फाइल, आणि १८ तारखेच्या पुढे जायचं नाही. फाइल केल्यावर लॉगिन करून पुन्हा पाहायचं नाही. इथं लोक हमखास अडखळतात. बटण दाबल्यावर जीव खालीवर होतो, आणि त्यांना वाटतं की उपाय उलटला. उलटत नाही. अस्वस्थता चढते, थांबते आणि बहुतेकांची तासाभरात पुष्कळ ओसरते, फक्त त्या वेळात आपण दिलासा मागायला जायचं नाही. तिला पहिल्या वेळी फार जड गेलं. दुसऱ्या महिन्यात तेवढं गेलं नाही.

नवऱ्यालाही एकदा बोलावलं. त्याचं काम सोपं पण नेटाचं होतं. पहिल्यांदा विचारलं तर मनापासून उत्तर द्यायचं, दुसऱ्यांदा विचारलं तर “आपण ठरवलंय न?” एवढंच म्हणायचं. चिडून नाही, टोमणा मारून तर अजिबात नाही.

रात्रीच्या विचारांसाठी वेळ बांधून दिली. रोज संध्याकाळी सातला २० मिनिटं, बाल्कनीतल्या खुर्चीत. दिवसभरात काळजी आली की वहीत दोन शब्द लिहायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचं. सातला यादी काढायची. ज्यावर उद्या काही करता येईल त्यापुढे ते काम आणि वेळ लिहायची, बाकीच्यांवर रेघ मारायची. ही वेळ अंथरुणावर ठेवू नये, नाहीतर गादीचीच विचाराशी सांगड बसते. झोपायच्या तासभर आधीही नको. आणि ‘विचार येऊच द्यायचा नाही’ असा पवित्रा घेऊ नये. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं होतं. अस्वल काही कोणाच्या डोक्यातून गेलं नाही. विचार दाबायचा नसतो, त्याला वेळ द्यायची असते.

आत्मविश्वासासाठी म्हणून वेगळं काही केलं नाही, फक्त पोस्टकार्डाएवढे कागद कापून घ्यायला सांगितले. धास्ती वाटेल अशा कामाआधी कागदाच्या एका बाजूला लिहायचं : काय होईल असं वाटतंय आणि त्याची खात्री किती टक्के. काम झाल्यावर मागच्या बाजूला प्रत्यक्ष काय झालं ते. पुढची बाजू आधीच लिहिलेली असणं महत्त्वाचं, नाहीतर मन मागाहून सरळ म्हणतं, ‘तसं मला माहीतच होतं.’ सुरुवात क्षुल्लक गोष्टींनी करायची. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कुर्ता घ्यायचा तर एकाच दुकानात, दहा मिनिटांत, कोणाला फोटो न पाठवता. मग ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज एकदाच वाचून पाठवायचा. नंतर मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न विचारायचा. शेवटी सरांना “हे मला समजलं नाही, पुन्हा सांगता का?” असं म्हणायचं. या शेवटच्या कार्डावर तिनं ‘चिडतील, ९० टक्के’ असं लिहिलं होतं. मागच्या बाजूला लिहिलं, ‘समजावलं. चहा मागवला.’ एका कार्डावर भाकीत खरंही ठरलं, सर खरंच ओरडले. ते कार्ड मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण त्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘अर्ध्या तासानं कामाला लागली.’

एक गमतीचा गृहपाठही दिला. लोक काय म्हणतील ही भीती घालवायला एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्यानं ओरडायला लावत. आपल्याकडे एवढ्या थराला जायची गरज नाही. सीताबर्डी इंटरचेंजवर, पाटीखाली उभं राहून, मेट्रोच्या कर्मचाऱ्याला विचारायचं, “हे सीताबर्डी स्टेशन आहे का?” त्यानं बोटानं पाटी दाखवली. ती परत येऊन पोटभर हसली. असा गृहपाठ पहिल्याच महिन्यात देऊ नये, आणि ज्याला लाज म्हणजे अपमानाच्या जुन्या आठवणी आहेत त्याला तर नीट पारखूनच द्यावा.

सगळ्यांना एवढ्यानं पुरत नाही, हेही सांगायला हवं. तपासणं, हात धुणं, मोजणं यात रोज तासाहून जास्त वेळ जात असेल, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावंच. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथं मानसोपचार विभाग आहेत. घरूनच बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही चालू असतो. औषध घ्यावं लागलं म्हणून वरचं काही वाया जात नाही, दोन्ही सोबत चालतं.

सवय परतही येते. तिची डिसेंबरात आली. वार्षिक रिटर्नची मुदत ३१ तारखेची, कामाचा ढीग, आणि तपासणं पुन्हा पाच-सहा फेऱ्यांवर. घाबरून फोन आला, “सगळं पहिल्यासारखं झालं.” मी विचारलं, वही कुठे आहे? ती दिवाळीपासून बंद होती. बरं वाटलं की लोक सगळ्यांत आधी वही सोडतात. चार दिवस पुन्हा चार रकाने भरायचे, तपासायचा सात मुद्द्यांचा कागद टेबलावर चिकटवायचा आणि नवऱ्याला त्याचं वाक्य आठवून द्यायचं, एवढंच सांगितलं. भेटीची वेळ मागत होती. ती मी दिली नाही, जानेवारीत या म्हटलं.