पाहुणचार आणि सरबराई

ख्रिस्तात प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

खोली लहान आहे, मिळकत बेताची आहे, तेव्हा घर जरा मार्गी लागल्यावरच पाहुणचाराला सुरुवात करावी, असे तू लिहिले आहेस. तुझी अडचण खोटी नाही. पण पाहुणचार आणि सरबराई यांची तू गल्लत करतो आहेस, असे मला वाटते.

नव्या करारात आतिथ्यासाठी येणाऱ्या 'फिलोक्सेनिया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ परक्यावरचे प्रेम असा आहे. म्हणजे आप्तमित्रांना जेवायला बोलावणे चांगलेच, पण प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (12:13) आतिथ्य करण्यात तत्पर राहा असे सांगतो, ते त्याच्या पलीकडचे आहे. आपल्याकडेही 'अतिथी' शब्दाची फोड 'ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो' अशी करतात, आणि असा माणूस तुझी तयारी पूर्ण होण्याची वाट कशाला पाहील? बायबलमधल्या अब्राहामाला भर उन्हात तीन अनोळखी माणसे दिसली (उत्पत्ती 18), तेव्हा तो तंबूच्या दारातून धावत गेला, थोडी भाकर आणतो म्हणाला, प्रत्यक्षात वासरू रांधून वाढले आणि ते जेवत असताना झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहिला. उपदेशांत त्या वासराचेच कौतुक फार होते. मला ते धावणे आणि ते उभे राहणे अधिक मोलाचे वाटते, कारण त्याला पैसा लागत नाही.

हे मला उशिरा कळले. तुझ्या वयात असताना एका पाहुण्यासाठी मी इतकी धावपळ केली की तो बाहेरच्या खोलीत एकटाच बसून राहिला, आणि निघताना 'तुमच्याशी थोडे बोलायचे होते' एवढेच म्हणाला. येशू घरी आला असता त्याचे ऐकत बसण्याऐवजी कामाच्या धावपळीत गुंतलेल्या मार्थेची गोष्ट मी तोपर्यंत अनेकदा वाचलेली होती!

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी लिहिलेल्या नियमाच्या 53व्या प्रकरणात, येणाऱ्या प्रत्येकाचे ख्रिस्त समजून स्वागत करावे, असे म्हटले आहे. त्याचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात, 'मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले' या येशूच्या शब्दांत आहे. पण गरिबांची आणि यात्रेकरूंची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांचा दबदबाच त्यांना मान मिळवून देतो, ही पुढची सूचना माणसाचा स्वभाव ओळखणाऱ्याची आहे. मंडळीत कोणाला पाहून आपण चटकन उठतो आणि कोणाला नुसती मान डोलावतो, हे एकदा स्वतःशी तपासून पाहा.

मर्यादा घालण्यात अविश्वास नाही. 'दिदाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत वाटसरूला गरजेप्रमाणे दोन-तीन दिवस ठेवावे आणि कायम राहायचे असेल तर त्याने काम करावे, असे स्पष्ट सांगितले आहे.

आणखी एक. अम्माऊस गावी जाताना वाटेत भेटलेल्या ज्या अनोळखी माणसाला येशूच्या दोन शिष्यांनी आग्रहाने थांबवून घेतले, त्यानेच मेजावरची भाकर हाती घेऊन मोडली, आणि तेव्हा कुठे हा पुन्हा उठलेला येशूच आहे, अशी त्यांना ओळख पटली (लूक 24). म्हणून पाहुणा भांडी घासायला उठला तर त्याला अडवू नकोस. नेहमी देणाऱ्याच्याच जागी राहण्यात एक सूक्ष्म अहंकार असतो, आणि तो ओळखायला मला फार वर्षे लागली.

येत्या रविवारी उपासनेनंतर शेवटच्या बाकावरून मुकाट्याने निघून जाणारे कोणी दिसले, तर त्याला घरी चहाला घेऊन जा. कप दोनच आहेत म्हणतोस, तेवढे पुरतात.

ख्रिस्तात तुझा,
एक वडीलधारा मित्र