सोलापुरात आयटी पार्क काढला तर पुण्यासारखा विकास होईल का?

नुसती इमारत बांधून होणार नाही. तुम्ही विचारलंय की पार्क झाला तर पोरांचं पुण्याला जाणं थांबेल का, आणि जिल्ह्याच्या हाती नेमकं काय पडेल. तुलना सगळे पुण्याशी करतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हिंजवडीच्या आयटी पार्कच्या खूप आधी पुण्यात १८५४ पासूनचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं, पिंपरीत एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा औषध कारखाना), पुढे टेल्को (आताची टाटा मोटर्स), बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी भोसरीची वर्कशॉप होती. १९८८ मध्ये सी-डॅक ही केंद्राची संगणक संशोधन संस्था आली. १९९० मध्ये केंद्राने पहिले सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले, त्यात बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. तिथे परदेशाशी जोडणारी डेटा लाइन मिळायची आणि निर्यातीच्या नफ्यावर आयकर माफ असायचा. ती माफी मार्च २०११ मध्ये संपली. बऱ्याच कंपन्यांनी सेझमध्ये (निर्यातीला करसवलत देणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रात) जागा घेतली, पण पुणं सोडलं नाही, कारण हवी ती माणसं तिथेच मिळत होती.

माणसं का टिकतात, तेही बघा. आयटीत बऱ्याचदा नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. एकाची गेली तर त्याच शहरात दुसरी मिळायला हवी. दोनच कंपन्या असलेल्या गावात कुणी वीस वर्षांचं गृहकर्ज काढत नाही. बरेच नवे पार्क ओस पडतात ते याच कारणाने.

आता पैशाचं. आयकर केंद्राला जातो, सॉफ्टवेअर निर्यातीवर जीएसटी शून्य असतो. स्थानिक संस्थेच्या वाट्याला मुख्यतः मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क येतं. खरी उलाढाल पगाराच्या खर्चातून होते: फ्लॅट, पीजी, खाणावळ, कंपनीच्या बसगाड्या, शाळा. म्हणजे कर्मचारी राहतो कुठे, यावर सगळं ठरतं. काम हिंजवडीत आणि घर बाणेर-औंधला, की घरपट्टी महापालिकेची आणि वाहतूक कोंडी हिंजवडीची! शिवाय पार्कातला रस्ता एमआयडीसीकडे, बाहेरचा दुसऱ्या खात्याकडे, गावातली गटारं ग्रामपंचायतीकडे. पावसाचं पाणी तुंबलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हे काम पहिल्या दिवसापासून एकाच यंत्रणेकडे हवं.

जमिनीबद्दल माझं मत ठाम आहे. एकरकमी मोबदला दिला की पुढच्या भाववाढीत शेतकऱ्याला काही उरत नाही. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र करून कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले आणि आयटीच्या जागा भाड्याने दिल्या. जमीन गेली तरी उत्पन्न चालू राहिलं. घरातल्या पोरांनी वाळू-विटा पुरवण्यापासून देखभालीपर्यंतची कामं घेतली. सोलापुरात जे काही होईल ते याच वाटेने व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात २००-३०० खुर्च्यांपासून, म्हणजे तेवढ्या माणसांच्या बसायच्या जागेपासून करा. एका खुर्चीमागे ८० ते १०० चौरस फूट धरले तर १६ ते ३० हजार चौरस फूट लागतात, तेवढी तयार जागा शहरात भाड्याने घेता येते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेटची फायबर घ्या, आणि ती वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेली आहे याची खात्री करा. एकाच खंदकात टाकली असेल तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतात. वीज दोन उपकेंद्रांवरून घ्या. आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात बाहेरचा अनुभवी माणूस कुटुंब आणणार नाही, तेव्हा पाण्याचा प्रश्न पार्कच्या आधी सोडवावा लागेल.

पहिली गिऱ्हाइकं गावातच शोधा. टॉवेल आणि चादरीचे कारखाने, साखर कारखाने, कर्नाटकातूनही रुग्ण येतात ती हॉस्पिटलं. टॉवेलच्या निर्यातदाराला ऑर्डर, सूत आणि मागांवरचं काम एका जागी दिसेल अशी प्रणाली लागते. ती बनवायला मागावरचं काम जवळून पाहिलेला पोरगा लागतो, आणि तो सोलापुरातच सापडेल.