डाळिंबावरील फुलकिडे आणि वंशवृक्षातील दोन फांद्या

सांगोल्याच्या एकाच बागेतील फुलकिडे मायटोकॉन्ड्रियल जीनोमच्या (पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतंत्र डीएनएच्या) वंशवृक्षात दोन लांबच्या फांद्यांवर गेले आणि तुमचे मार्गदर्शक त्याला नमुन्यांची भेसळ म्हणत आहेत, हे वाचून सोलापुरातील माझेच जुने दुखणे समोर आले. डीएनए अनुक्रमांची जुळवणी तुम्हाला येतच असणार, म्हणून ती सोडतो.

पहिला प्रश्न असा की, एका नळीत किती कीटक होते? फुलकिडा जेमतेम मिलिमीटरभर. डीएनए कमी निघतो म्हणून अनेक कीटक एकत्र वाटण्याची सवय काही ठिकाणी मुरलेली आहे. सेवा देणाऱ्या एका प्रयोगशाळेला (नाव घेत नाही) प्रत्येक कीटक वेगळा ठेवावा असे लेखी कळवले होते. तरीही त्यांनी सगळे एकत्र केले आणि अहवालात त्याचा उल्लेखही केला नाही. जाब विचारला तेव्हा "कव्हरेज (प्रत्येक जागा किती वेळा वाचली गेली ते) उत्तम आहे" एवढेच उत्तर मिळाले. इतके कीटक एकत्र केल्यावर ते असणारच! पण जुळवलेला जीनोम दोन प्रजातींची खिचडी होता, ओळख पटवण्यासाठी स्लाइड करायला एकही कीटक उरला नव्हता आणि तोवर बहारही संपला होता.

माझ्या मते एक नळी, एक कीटक हा नियम मोडूच नये. पोटाला बारीक छिद्र पाडून प्रोटिनेज-के या प्रथिने विरघळवणाऱ्या विकरात ठेवल्यास डीएनए निघतो आणि कवच स्लाइडसाठी शाबूत राहते.

तुमची दुसरी फांदी खरीही असू शकते. सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस या शास्त्रीय नावाने ओळखला जाणारा फुलकिडा ही दिसायला सारख्या अनेक प्रजातींची गुंतागुंत आहे. या गुंतागुंतीच्या दक्षिण आशियाई गटात मायटोकॉन्ड्रियल जीनोम दोन वर्तुळांत विभागलेला आढळतो: एक सुमारे 14,000 बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे), दुसरे हजाराच्याही आत. पूर्व आशियाई गटात मात्र वर्तुळ एकच. त्यामुळे या जीनोममधील 37 जनुकांपैकी एखादे सापडत नसेल, तर छोटा तुकडा कचरा समजून फेकू नका. प्रथिनांत रूपांतर करताना अपृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रियल कोडॉन-तक्ता (तीन बेसचा कोणता गट कोणते अमिनो आम्ल दर्शवतो त्याचा), म्हणजे क्रमांक 5, निवडा; एरवी टीजीए हा ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा कोडॉन प्रथिन संपल्याची खूण वाटतो आणि चांगला अनुक्रम पेशीकेंद्रकातील डीएनएत शिरलेली निकामी, खोटी प्रत ठरतो.

वंशवृक्षाचा मी तज्ज्ञ नाही, पण ए आणि टी या बेसचे प्रमाण इतके जास्त असताना कोडॉनचे तिसरे स्थान वगळून झाड पुन्हा काढावे. मावा-तुडतुड्यांच्या अनुभवावरून जनुकांचा क्रम गृहीत धरू नये. फुलकिड्यांत तो फार उलटापालटा झालेला असतो.

मार्गदर्शकांना उत्तर देण्याआधी प्रयोगशाळेकडून कच्च्या रीड्सच्या (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) फाइली मागून घ्या. एकाच नळीच्या रीड्समध्ये अनेक जागी दोन वेगवेगळे बेस ठळक प्रमाणात दिसले, तर भेसळीचा संशय आधी त्या नळीवर घ्या.