स्टेथोस्कोपची जागा

प्रश्न: डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. माहेर-सासर दोन्ही माळकरी. थोरला मुलगा सहा वर्षांपासून अमेरिकेत, कोलोरॅडोला आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर त्यानंही शिकारीचा परवाना काढलाय आणि ऑक्टोबरमध्ये एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं म्हणतो. तिथं ते कायद्यात बसतं, मांस घरी आणून खातात, असं त्यानं समजावलं. मी नको म्हणून पाहिलं, ऐकत नाही. आता एवढंच विचारते, जाणारच असेल तर त्या मुक्या जीवाचे हाल होऊ नयेत म्हणून त्यानं काय करावं? मोहोळजवळ आमच्या गावी बैलं तपासायला तुम्हीच यायचात, म्हणून तुम्हाला लिहिते.
– एक आई

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी जन्मात बंदूक उडवलेली नाही. पण 34 वर्षांच्या नोकरीत गोळी लागलेली जनावरं तपासली आहेत, त्यांची शवविच्छेदनं केली आहेत. तेवढ्या अधिकारानं लिहितो.

तुमच्या लेकाला आधी गोठा आठवायला सांगा. मी आलो की खिलार बैलाच्या डाव्या अंगाला उभा राहायचो, पुढच्या पायाच्या कोपरामागं स्टेथोस्कोप लावायचो. पोरं जवळ आली की त्यांचा तळहात तिथं ठेवायचो, आतली धडधड हाताला लागायची. त्यानंही ठेवला असेल. काळीज तिथं असतं, छातीच्या खालच्या भागात, आणि त्याच्या वर-मागं दोन्ही फुप्फुसं. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, मोठा नर 300 किलोंच्या घरात जातो, पण आतली मांडणी हीच.

जनावर पूर्ण आडवं उभं असेल, म्हणजे त्याची एक कूस सरळ आपल्याकडं असेल, तेव्हा पुढच्या पायाची मागची कड धरून नजर वर न्यायची आणि छातीच्या उंचीच्या खालून तिसऱ्या हिश्शाला थांबायचं. नेम तिथं. का, तर थोडं खाली गेलं तर काळीज, थोडं वर गेलं तर फुप्फुसं, थोडं पुढं गेलं तरी फऱ्याचं हाड फोडून गोळी छातीतच. दोन्ही फुप्फुसं फुटली की रक्ताचा दाब कोसळतो आणि मेंदूला रक्त मिळेनासं होऊन जनावराची शुद्ध काही सेकंदांत जाते. तरी ते शंभरेक मीटर पळू शकतं, त्यानं घाबरून जाऊ नये.

चूक महाग पडते ती मागच्या बाजूला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या डाव्या कुशीत पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा असतो आणि तो बरगड्यांच्या आतपर्यंत घुसलेला असतो. बरगडीवर लागली म्हणजे छातीत लागली असं नव्हे. नान्नजच्या माळावर एका हिवाळ्यात चोरट्या शिकाऱ्यांची गोळी लागलेली काळविटाची मादी मला दाखवायला आणली होती. शेवटच्या बरगडीमागं बोटाएवढं भोक, बाहेर रक्त जवळजवळ नाहीच, भोकाच्या तोंडाशी चघळलेल्या गवताचा हिरवा बोळा. डोळे उघडे, कान माझ्या आवाजाकडं वळत होते. आतून सगळं नासत चाललं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ती जिवंत होती. मी जे करता येईल ते केलं, पण करण्यासारखं फारसं नव्हतंच. त्या दिवसापासून शिकार म्हटलं की मला तो हिरवा बोळा दिसतो. म्हणूनच ताई, तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

तिरकं उभं राहून तोंड पलीकडं असेल तर चालतं, मात्र नेम अलीकडच्या खांद्यावर न धरता पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखानं धरायचा, म्हणजे गोळी छातीतून आरपार जाते. तोंड आपल्याकडं करून तिरकं असेल तर वाटेत खांद्याची जाड हाडं येतात आणि गोळी घसरून पोटात जायची भीती असते. नवख्यानं थांबावं. पाठमोऱ्या जनावरावर कधीच नाही. डोक्यावरही नाही. मेंदू डोक्याच्या मानानं लहान, डोकं सारखं हलतं, आणि जबडा फुटलेलं जनावर उपाशी मरतं. पाठीच्या फार जवळ नेम धरला तर मणक्यांच्या वर आलेल्या हाडाला धक्का बसून जनावर धाडकन कोसळतं, शिकाऱ्याला वाटतं काम झालं, आणि ते उठून निघून जातं.

अंतराचं म्हणाल तर नवख्या माणसाचा खरा घोटाळा तिथंच होतो. तो टेबलावर बंदूक टेकवून सराव करतो आणि डोंगरात धापा टाकत उभ्यानं गोळी झाडतो. त्याला म्हणावं, आपल्या कडक भाकरीएवढा गोल कागद कापून लाव आणि गुडघ्यावर बसून, चढ चढून आल्यावर, पाच गोळ्या मार. पाचही भाकरीत बसतात तेवढंच तुझं अंतर. शंभर यार्ड असेल तर शंभर. बंदूक तीनशे यार्ड मारते हा बंदुकीचा हिशेब झाला. तीनशे यार्डांवर गोळी पोचायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वेळ लागतो, तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढं टाकतं, आणि काळजावर धरलेला नेम पोटात जातो. मागं दुसरं जनावर उभं असेल तरीही झाडू नये, गोळी आरपार जाऊन त्यालाही लागते.

गोळी सुटल्यावर लगेच दुसरी भरून तयार राहायचं. उभंच राहिलं तर त्याच जागी पुन्हा. पळालं तर कुठं उभं होतं ती खूण नीट लक्षात ठेवून अर्धा तास बसायचं. फेसाळ गुलाबी रक्त दिसलं तर फुप्फुस, जनावर जवळच असतं. काळपट लाल असेल तर यकृत, मग तीन-चार तास थांबावं. हिरवट, घाण वासाचं काही दिसलं तर सहा-आठ तास तरी मागं लागू नये. लगेच पाठलाग केला तर ते मैलभर रेटत जातं आणि कुणाच्याच हाती लागत नाही. मग मात्र शोधायचंच, दिवस मोडला तरी. जखमी जनावराचा माग काढायचा मनापासून प्रयत्न करणं आणि मांस वाया न घालवणं ही कोलोरॅडोच्या कायद्याचीही सक्ती आहे.

एक डॉक्टर म्हणून सांगतो, तिकडच्या हरणांत मेंदू झिजवणारा एक रोग आहे. 1967 साली तो पहिल्यांदा कोलोरॅडोतच दिसला. मांस खाण्याआधी तिथल्या वन्यजीव खात्याकडून तपासून घ्यावं.

आणि ताई, तो रिकाम्या हातानं परत आला तर त्याला नावं ठेवू नका. कदाचित जनावर नीट आडवं उभं राहिलं नसेल.

प्रश्न: रानडुकरं भुईमूग उकरून टाकतात. पीक राखायला घरी परवान्याची बंदूक आहे. मारली तर चालतील का? कुठं मारावी? शेजारी म्हणतात, त्यापेक्षा स्फोटक भरलेले पिठाचे गोळे ठेव.
– एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर: भाऊ, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदा आहे. वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय घोडा ओढू नका. नुकसानीचा पंचनामा आधी करून घ्या, भरपाई मिळते. परवानगी मिळालीच तर ध्यानात ठेवा, डुकराचं काळीज बैलापेक्षा पुढं आणि खाली असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मधोमध. बैलाच्या अंदाजानं मागं मारलं तर पोटात लागते. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखी जाड ढाल असते, तीही विचारात घ्या. रात्री बॅटरीच्या उजेडात अंदाजानं तर नकोच.

गोळ्यांचं मात्र हात जोडून सांगतो, ठेवू नका. पिठात स्फोटक घालून बांधावर टाकलेला असा एक गोळा डुकराऐवजी एका गाभण गाईनं तोंडात घेतला होता. मी पोचलो तेव्हा खालचा जबडा दोन तुकडे होऊन लोंबत होता, जीभ निम्मी राहिली होती. ती उभी होती. तिचा मालक बादलीत पेंड कालवून तिच्यापुढं धरून बसला होता, आणि ती वास घेऊन पुन्हा पुन्हा तोंड लावायला बघत होती.