नैरोबीचा जन्म, रत्नागिरीचं घर आणि कलम 9

रत्नागिरीहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. जन्म 1955 चा, नैरोबीतला. वडील मूळ रत्नागिरीचे, तिकडे रेल्वेत कारकून. आईचा जन्म मोंबासाचा. 1969 मध्ये सगळं कुटुंब भारतीय पासपोर्टवर परत आलं. आता पासपोर्टच्या नूतनीकरणात ‘जन्मस्थळ नैरोबी’ पाहून नागरिकत्वाचा पुरावा मागितला आहे. त्यात नैरोबीत नोकरी करणारी लेक म्हणते, ‘बाबा, तुम्ही केनियाचेच. अर्ज करा आणि दोन्ही पासपोर्ट ठेवा.’ हे विचारतात, मी नेमका कुठला?

गुरुजी, आधी ट्रंकेतला तो वडिलांच्या भारतीय नागरिकत्वाच्या नोंदणीचा 1951 चा कागद जपा. राज्यघटनेच्या कलम 8 नुसार परदेशातल्या भारतीय वंशाच्या माणसाला तिथल्या भारतीय प्रतिनिधीकडे नोंद करून नागरिक होता येत असे. वडिलांनी ते केलं. (त्या वेळी नैरोबीत भारताचे कमिशनर होते औंधचे अप्पासाहेब पंत!) वडील 1955 मध्ये भारतीय नागरिक होते, म्हणून नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 नुसार तुम्ही वंशाने भारतीय. तुमचं सगळं प्रकरण याच कागदावर उभं आहे.

आता गंमत पाहा. नैरोबी तेव्हा ब्रिटिश वसाहतीत, त्यामुळे जन्मतःच तुम्ही ब्रिटनचेही नागरिक ठरलात. 12 डिसेंबर 1963 ला केनिया स्वतंत्र झाला. जन्म केनियातला, आई-वडिलांपैकी एकाचाही तिथलाच, आणि आदल्या दिवशी ब्रिटिश नागरिकत्व, अशा माणसाला नव्या राज्यघटनेने आपोआप केनियाचा नागरिक केलं. तुमच्या आईच्या मोंबासामुळे तुम्ही त्यात बसलात. ‘वडिलांनी दोन वर्षांत अर्ज केला नाही म्हणून हक्क बुडाला’ असं तुम्ही लिहिता, पण ती मुदत ज्यांना अर्ज करावा लागणार होता त्यांच्यासाठी होती. तुम्हाला न मागताच मिळालं होतं, आणि त्याच दिवशी ब्रिटिश नागरिकत्व गेलं. आठ वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार!

मग भारतीय नागरिकत्व तेव्हाच संपलं का? नाही. आपल्या कायद्याचं कलम 9 परक्या देशाचं नागरिकत्व *स्वेच्छेने* घेणाऱ्याला लागतं. कायद्याने डोक्यावर ठेवलेली टोपी म्हणजे स्वेच्छा नव्हे. पुढे केनियाच्याच नियमाने, एकविसाव्या वर्षानंतरच्या ठरलेल्या मुदतीत दुसरं नागरिकत्व न सोडणाऱ्याचं तिथलं नागरिकत्व जात असे. तुम्ही भारतीयच राहिलात, तेव्हा ते तसंच गेलं असणार.

लेकीचं म्हणणं अगदीच चूक नाही. 27 ऑगस्ट 2010 पासूनच्या केनियाच्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यामुळे तिथलं गमावलेल्या जन्मजात नागरिकाला अर्ज करून ते परत मिळतं. पण तुमचं भारतीय नागरिकत्व ‘नंतर घेतलेलं’ नाही, आधीपासूनचं आहे. ते शब्द तुम्हाला लागू पडतात का, हे नैरोबीतल्या वकिलाकडून लेखी घ्या. मला यात वाद दिसतो.

अडचण खरी पुढे आहे. आज तुम्ही स्वतःच्या सहीने अर्ज केलात तर ती स्वेच्छाच. केनियाला दोन पासपोर्ट चालतील, भारताला नाही. ज्या दिवशी तिथलं नागरिकत्व मिळेल त्या दिवशी इथलं संपेल, आणि परदेशी पासपोर्ट हा आपल्या नियमांत त्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते) मिळू शकेल. त्यावर राहता येईल, पण मतदान नाही, आणि शेजारची कलमांची बाग विकत घ्यायचं म्हणता ते तर विसराच; शेतजमीन खरेदी करता येत नाही. लेकीला भेटायला केनियाची ऑनलाइन प्रवास-परवानगी (ईटीए) काढणं याहून स्वस्त पडेल.

पासपोर्ट कार्यालयाला वडिलांचं नोंदणीपत्र, तुमचा जन्मदाखला आणि 1969 चा जुना पासपोर्ट यांच्या साक्षांकित प्रती द्या. सोबत अर्धं पान लिहा, ‘मी कधीही दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वासाठी अर्ज केलेला नाही.’ वाद झालाच तर कलम 9(2) प्रमाणे निर्णय केंद्र सरकारचा, खिडकीपलीकडच्या कारकुनाचा नव्हे. मात्र सही करण्याआधी एक आठवून पाहा: 1963 ते 1969 मध्ये तुमच्या नावाने केनियाचा पासपोर्ट निघाला होता का? निघाला असेल तर काही पाठवू नका, आधी मला कळवा.