आजीची तपासणी निगेटिव्ह का आली?

चंद्रपूर जिल्ह्यातील एका पालकांनी लिहिले आहे की, मुलीला बारावीला ८१ टक्के मिळाले, नीटमध्ये दोनदा अपयश आले, आता तिसऱ्यांदा बसवायचे आहे. पण ती ‘रक्ताच्या चाचण्या बनवायच्या’ असा हट्ट धरून बसली आहे, तरी तिची समजूत घालावी.

आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यात ‘आम्ही ठरवले’ हे शब्द चार ठिकाणी आहेत, ‘तिला वाटते’ एकदाही नाही. गुणांपेक्षा मला याचीच काळजी वाटते. दोन वर्षे घरात कोंडून अभ्यास केलेल्या मुलीला तिसऱ्या वर्षी बसवताना, डॉक्टर होण्याची इच्छा नेमकी कोणाची आहे, हे आपण स्वतःला विचारले आहे का?

आपण तक्रार म्हणून लिहिलेले एक वाक्य मला संपूर्ण पत्रात सर्वांत मोलाचे वाटले. हत्तीरोगाचे पथक रात्री गावात येऊन रक्तनमुने घेऊन गेले, आजीची तपासणी निगेटिव्ह आली, आणि ‘पाय एवढा सुजलेला असताना असे कसे?’ हे मुलगी महिनाभर विचारत राहिली. प्रश्न रास्त आहे. पथक रात्री येते, कारण हत्तीरोग ज्या कृमीमुळे होतो, त्याची सूक्ष्म पिल्ले रात्रीच मोठ्या संख्येने त्वचेजवळच्या रक्तात उतरतात. मात्र सूज येते ती लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातील जादा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, निकामी झाल्यामुळे, आणि तोवर त्यांतील कृमी बहुधा मेलेले असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्टीवर काहीच सापडत नाही. प्रौढ कृमीने रक्तात सोडलेले प्रतिजन (कृमीची ओळख पटवणारा पदार्थ) पकडणारी पट्टीची चाचणी दिवसाही करता येते आणि तिचे उत्तर दहा मिनिटांत मिळते. परंतु उपचारानंतरही ते प्रतिजन बराच काळ रक्तात राहते, केरळात आढळणाऱ्या ब्रुगिया जातीचा कृमी या पट्टीला दिसत नाही, आणि मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाच्या वेगळ्याच कृमीमुळे ती चुकीने पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे या क्षेत्रात काम अजून भरपूर शिल्लक आहे.

‘रोगाची चाचणी डॉक्टरच शोधतो, त्यामुळे आधी एमबीबीएस’ ही आपली समजूत मात्र चुकीची आहे. योग्य प्रतिजन निवडणे, त्याला चिकटणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे तयार करणे, ती कागदासारख्या पट्टीवर बसवणे, पट्टी विदर्भाच्या मे महिन्यातही टिकेल असे पाहणे, ही कामे प्रामुख्याने जीवरसायनशास्त्र, प्रतिकारशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकलेल्यांची आहेत. चाचणी रुग्णांवर पडताळताना डॉक्टर हवाच, पण तो सहकारी म्हणून. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर वर्षानुवर्षे काम केलेले डॉ. बी. सी. हरिनाथ हे जीवरसायनशास्त्राचेच प्राध्यापक होते. आपण सुचवलेला डीएमएलटीचा, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेचा, पर्याय वाईट नाही. पण तिथे तयार चाचणी करायला शिकवतात, नवी घडवायला नाही.

मार्ग सरळ आहे: जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बी.एस्सी., मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., आणि संशोधनच करायचे असेल तर नेट ही पात्रता परीक्षा व पीएच.डी. वेळ खूप लागतो आणि सुरुवातीचे उत्पन्न डॉक्टरच्या तुलनेत कमी असते, हे तिलाही स्पष्ट सांगा. पीएच.डी. नको असेल, तर एम.एस्सी.नंतर किट बनवणाऱ्या कंपन्यांत नोकऱ्या असतात; गोव्यातही असे कारखाने आहेत.

तिची समजूत मी घालणार नाही. या वर्षी नीटचा अर्ज भरायचा की नाही, हे तिने सांगू द्या, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर त्यावर घरात पुन्हा बैठक बसवू नका. तपासणी निगेटिव्ह आली म्हणून आजींच्या पायाकडे दुर्लक्षही करू नका. तो रोज साबण-पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा ठेवला की वारंवार येणारा ताप आणि ठणका कमी होतो. त्यांना हत्तीरोग चिकित्सालयात घेऊन जाल, तेव्हा सोबत मुलीला न्या आणि तिचे प्रश्न तिथल्या तंत्रज्ञांना तिलाच विचारू द्या.