मराठीत एकच ‘त्याला’, फ्रेंचमध्ये ‘ल’ आणि ‘ल्वी’

प्रश्न असा आहे: ‘मी फ्रेंच सर्वनामांचा सराव ऐकून करते आहे. प्रश्न कानावर पडतो, मध्ये जागा सोडलेली असते, तेवढ्यात आपण उत्तर द्यायचं, मग बरोबर उत्तर ऐकू येतं. “पोलला फोन करतेस का?” अशा अर्थाच्या प्रश्नाला एका धड्यात “वी, ज लापेल” असं उत्तर होतं, दुसऱ्यात “वी, ज ल्वी तेलेफॉन”. दोन्हींचा अर्थ “हो, मी त्याला फोन करते” हाच ना? मग एकीकडे नुसता ल आणि दुसरीकडे ल्वी का? आणि अशा “ड्रिल”ला मराठीत काय म्हणावं?’

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. घोळ फ्रेंचचा नाही, आपल्या ‘ला’चा आहे.

शाळेतलं विभक्तीचं कोष्टक आठवा. द्वितीयेसमोर स, ला, ते. चतुर्थीसमोरही स, ला, ते. प्रत्यय तेच तर दोन ओळी कशाला, असं तेव्हा वाटलं असेल. मला तरी वाटायचं. ‘मी त्याला पाहिलं’ आणि ‘मी त्याला पुस्तक दिलं’ यांतल्या ‘त्याला’च्या रूपात काडीचाही फरक नाही. पहिला कर्म आहे आणि दुसऱ्याकडे कर्म जातं आहे, हे आपल्याला क्रियापदावरून कळतं. फ्रेंच हे दोन ‘त्याला’ वेगळे ठेवते. द्वितीयेचा तो ‘ल’, चतुर्थीचा तो ‘ल्वी’. स्त्रीलिंगी द्वितीया ‘ला’. (हा ‘ला’ आपल्या ‘ला’चा कोणी लागत नाही, पण सुरुवातीला कान हमखास फसतो.) अनेकवचनी द्वितीया ‘ले’ आणि चतुर्थी ‘लर’.

गंमत म्हणजे हा भेद फक्त तृतीय पुरुषात आहे. ‘मला’ आणि ‘तुला’साठी फ्रेंचही आपल्यासारखीच एका रूपावर भागवते. ‘इल म व्वा’ म्हणजे तो मला पाहतो आणि ‘इल म पार्ल’ म्हणजे तो माझ्याशी बोलतो, ‘म’ तोच. त्यामुळे ‘म’ आणि ‘त’चे धडे सुरळीत जातात आणि तृतीय पुरुष आला की गाडी अडते. तुमचीही तिथेच अडली असणार.

उलटही एक आहे. ‘त्याला’ आणि ‘तिला’ आपण वेगळं ठेवतो, तर ‘ल्वी’ दोघांना चालतो. ‘ज ल्वी पार्ल’मध्ये तो आहे की ती, हे मागच्या वाक्यावरून ओळखायचं. ही खोड जुनी आहे: लॅटिनमध्ये या सर्वनामाचं चतुर्थी एकवचन ‘इल्ली’ तिन्ही लिंगांना एकच होतं. मात्र ‘आव्हेक ल्वी’, म्हणजे ‘त्याच्याबरोबर’, यात शब्दयोगी अव्ययानंतर आलेला ‘ल्वी’ फक्त पुल्लिंगी. ‘तिच्याबरोबर’ला ‘आव्हेक एल’.

आता फोनचं बघू. फ्रेंचमध्ये ‘आपले’ म्हणजे हाक मारणं, बोलावणं, फोन करणं, आणि त्याला सरळ कर्म लागतं: तु आपेल पोल? ‘तेलेफोने’ला मात्र कर्माआधी ‘आ’ लागतो: तु तेलेफॉन आ पोल? सगळी किल्ली या ‘आ’मध्ये आहे, आणि ऐकण्याच्या सरावात ती फुकट मिळते, कारण ‘आ’ ऐकू येतो. प्रश्नात माणसाच्या नावाआधी ‘आ’ आला की उत्तरात ल्वी. ‘आ’ आणि ‘ल’ एकत्र येऊन ‘ओ’ झालेला असेल, जसं ‘तु पार्ल ओ प्रोफेसर?’, तरीही ल्वीच. अनेकवचनातही ‘ओ’च ऐकू येतो आणि पुढचं नामही बहुधा एकवचनासारखंच वाजतं, म्हणून एक की अनेक हे संदर्भावरून ओळखा. अनेक असतील तर उत्तर ‘लर’.

मराठीत अर्थ लावून मग फ्रेंच सर्वनाम निवडायला गेलात की बुडालात. मी हे बरेच दिवस केलं. मदत ‘त्याला’ करायची म्हणून मी ठणकावून ‘ज ल्वी एद’ म्हणायचो आणि सुटलेल्या जागेनंतरचा आवाज तितक्याच शांतपणे ‘ज लेद’ म्हणायचा. ‘एदे’ हे क्रियापद ‘आ’शिवाय माणूस घेतं, बस्स. वाट आपण ‘त्याची’ पाहतो, आभार ‘त्याचे’ मानतो. फ्रेंचमध्ये दोन्हीकडे नुसता ल: ज लातां, ज ल रमेर्सी. दिसतो आपण ‘त्याच्यासारखे’, ऐकतो ‘त्याचं’. तिथे मात्र ल्वी: ज ल्वी रसांब्ल, ज ल्वी ओबेई. म्हणून क्रियापद एकटं पाठ करू नका, ‘आ’सकट करा. ‘तेलेफोने आ’ हा एकच शब्द आहे असं समजून चला.

‘आ’नंतर ठिकाणाचं नाव आलं तर सर्वनाम ‘ई’ होतं: तु व्हा आ पारी? (पॅरिसला जातेस का?) वी, जी व्हे. आणि ‘पांसे’, म्हणजे विचार करणं, हे क्रियापद ‘आ’ घेऊनही माणसासाठी ल्वी पुढे आणत नाही: ज पांस आ ल्वी. असे हट्टी थोडेच आहेत, ते वेगळे घोटावेत.

ड्रिलला मराठी शब्द? ‘सराव’ हा सगळ्यालाच लागू पडतो, म्हणून इथे पुरेसा नेमका नाही. ‘घोकंपट्टी’त शिवी दडलेली आहे. माझं मत ‘कवायत’ला. हा शब्द अरबी ‘कवाइद’वरून आला. ‘कायदा’ म्हणजे नियम, त्याचं अनेकवचन कवाइद. मराठीत तो सैनिकांच्या डावी-उजवीपुरता उरला, पण उर्दूत ‘कवाइद’ म्हणजे आजही व्याकरण. व्याकरण आणि कवायत एकाच शब्दात, याहून चपखल काय हवं! शिवाय या पद्धतीच्या इतिहासातही सैन्य आहेच. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, अमेरिकी सैन्याने आपल्या लोकांना परभाषा बोलायला शिकवण्यासाठी मोठा कार्यक्रम चालवला. पुढे १९५० आणि ६०च्या दशकांत टेप रेकॉर्डर आणि भाषा-प्रयोगशाळा आल्या आणि प्रश्न, विराम, उत्तर, पुन्हा उच्चार ही चार पावलांची कवायत जगभर पसरली. १९५९मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या वर्तनवादी मांडणीचे, म्हणजे भाषा ही सवयीने लागते या मताचे, वाभाडे काढले, तेव्हा या पद्धतीचा सैद्धांतिक पाया डळमळला. तरी ती कवायत काही मेली नाही, आणि सर्वनामांपुरती ती मरूही नये असं मला वाटतं.

एका अटीवर. वीस प्रश्न ओळीने ‘ल’चेच असतील तर पाचव्यानंतर तुम्ही झोपेतही बरोबर उत्तर द्याल आणि शिकलेलं काहीच नसेल. ‘तु रगार्द ल फिल्म?’ला (सिनेमा बघतेस का?) ‘वी, ज ल रगार्द’ म्हणायला ‘रगार्दे’चा अर्थही माहीत असावा लागत नाही. म्हणून प्रश्न मिसळा. फिल्म, मग आ पोल, मग आ पारी, मग पुन्हा ला लेत्र (चिठ्ठी). विराम छोटा ठेवा, कारण लांब विरामात माणूस मराठीत जाऊन येतो.

जिथे नियम आठवायला वेळच नसतो तिथे ही कवायत खरी कामाला येते, म्हणजे दोन सर्वनामं एकत्र आली की. ‘तू मला ते देतोस’: तु म ल दॉन, क्रम आपल्यासारखाच. ‘मी त्याला ते देतो’: ज ल ल्वी दॉन, क्रम उलटा, आधी ‘ते’ मग ‘त्याला’. याचा तक्ता पुस्तकात असतो, बोलताना कोणी तक्ता बघत नाही. मल, तल, लल्वी असं तोंडात बसलं की झालं. फ्रेंच माणसं घाईत यातला ‘ल’ सरळ गिळून ‘ज ल्वी दॉन’च म्हणतात, ते ऐकून बिचकू नका.

एका ठिकाणी मात्र मराठी माणूस इतरांच्या पुढे असतो, आणि ते कोणी सांगत नाही. भूतकाळात फ्रेंच धातुसाधित आधी आलेल्या कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून फ्रेंच शिकणारे याने हैराण होतात. आपण? ‘मजकूर? तो मी लिहिला.’ ‘चिठ्ठी? ती मी लिहिली.’ फ्रेंच: ल तेक्स्त, ज ले एक्री, ला लेत्र, ज ले एक्रीत. कर्म स्त्रीलिंगी झालं की आपल्याकडे ई आली, त्यांच्याकडे शेवटचा त वाजला. आणि चतुर्थीत? ‘मी तिला लिहिलं’, ‘ज ल्वी ए एक्री’. दोन्हीकडे क्रियापद हललं नाही. जोडी तुटते ती ‘मी तिला पाहिलं’पाशी: आपल्याकडे ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी होतं, फ्रेंच मात्र स्त्रीलिंग राखते. पण तेही फक्त लिहिताना. ‘व्यू’ ऐकायला दोन्हीकडे सारखंच. बोलण्यात बरेच फ्रेंच लोक ही जुळणी विसरतात, हे वेगळंच.

शेवटी एक कानाचा सापळा, कारण तुम्ही पुस्तकाशिवाय शिकता आहात. ‘ज ले व्यू’ ऐकलं तर ‘ले’ म्हणजे अनेकवचन असं वाटेल. नाही: तो ‘ल’ अधिक ‘ए’, म्हणजे ‘मी त्याला (किंवा तिला) पाहिलं’. ‘त्यांना पाहिलं’ म्हणजे ‘ज लेझे व्यू’. मधला तो ‘झ’ एरवी मुका असतो, पुढे स्वर आला म्हणून जागा होतो. वर्तमानकाळात ‘ज ले व्वा’ ऐकलंत, तर तिथे पुढे व्यंजन आहे, झ नाही, आणि ते खरोखरच अनेकवचन आहे. ‘ज ले व्यू’, ‘ज लेझे व्यू’, ‘ज ले व्वा’ ही तीन वाक्यं एकामागून एक, उलटसुलट क्रमाने लावा आणि किती जण दिसले ते मराठीत सांगत जा.